निघण्याआधीच नऊ आठवडे पाठीवर: ४० लिटरची सॅक

आधी तक्रार, म्हणजे घाईतल्यांना पुढचं वाचायला नको. सॅकच्या दोन्ही बाजूंना बाटलीचे खिसे आहेत, पण सॅक पाठीवर असताना बाटली हाताला लागत नाही. हात मागे नेऊन, चाचपडून ती कशीबशी उपसता येते. परत आत खोचणं मात्र मला नऊ आठवड्यांत एकदाही जमलेलं नाही. दर वेळी सॅक उतरवायची, नाहीतर सोबतच्याला "जरा बाटली खोच ना" म्हणायचं. एकट्याने फिरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवूनच घ्यावी.

आता बाकीचं. मी ४६ वर्षांची, उंची पाच फूट एक इंच, वजन ५४ किलो, आणि डावा खांदा एकदा निखळलेला. परदेशात पाच आठवडे एका सेंद्रिय शेतावर स्वयंसेवक म्हणून काम आणि पुढे तीन आठवडे पाठीवर सॅक टाकून भटकंती, असा बेत आहे. प्रवास अजून सुरू व्हायचाय. पण तयारीत ही सॅक जवळजवळ रोज पाठीवर होती, भरली, उपसली, भिजवली, एकदा कातरलीसुद्धा. कंपनीचं नाव लिहीत नाही. अशाच घडणीच्या सॅका बऱ्याच कंपन्या काढतात आणि मला सांगायचंय ते घडणीबद्दलच: ४० लिटर, सूटकेससारखी समोरून पूर्ण उघडणारी, पाठीची लांबी कमीजास्त करता येणारी, रिकामी १.६ किलो.

खरं तर मी ही घेणारच नव्हते. भाच्याकडे ६५ लिटरची ट्रेकिंगची सॅक आहे. "मावशी, दोन महिने जातेस, चाळीसमध्ये काय मावणार तुझं? माझी ने," म्हणाला. आणली. आणि मोठ्या सॅकचं जे होतं तेच झालं: जागा होती म्हणून भरत गेले. माझे कपडे एका कोपऱ्यात. वरून मुलांसाठी गोळा केलेले टी-शर्ट, वह्या, रंगखडूंचे डबे, हातात घालून खेळवायच्या सहा बाहुल्या. हुकच्या काट्याला लावली तर साडेसतरा किलो. अनेक दिवस पाठीवर वागवायचं ओझं आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास असावं असा ढोबळ हिशेब आहे. माझ्यासाठी तो पावणेअकरा किलोच्या पुढे जात नाही. मी त्या दिवशी घरातल्या घरात दोन फेऱ्या मारल्या आणि खांद्याने उत्तर दिलं.

बाहुल्यांबद्दल थोडं विषयांतर. मूळ बेतात शेताच्या आधी दोन आठवडे एका अनाथाश्रमात मुलांना शिकवणं होतं. पैसे भरायच्या आधी वाचायला बसले ते बरं झालं. जगभर अशा आश्रमांतल्या पुष्कळ मुलांचे आई-वडील, निदान दोघांपैकी एक तरी, हयात असतात. पाहुणे आणि त्यांचे पैसे येत राहावेत म्हणून काही ठिकाणी मुलं घरापासून तोडून ठेवली जातात, आणि दर पंधरवड्याला नवा दादा, नवी ताई येऊन लळा लावून निघून जाते. युनिसेफ आणि मुलांसाठी काम करणाऱ्या इतर संस्था अशा भेटींविरुद्ध बोलत आल्या आहेत. मी ते दोन आठवडे रद्द केले. सॅकमधून बाहुल्या निघाल्या, दीड किलो कमी झालं.

शेताचं तसं नाही. १९७१ साली इंग्लंडमध्ये 'वूफ' या नावाने शनिवार-रविवारी सेंद्रिय शेतांवर राबायला जायची पद्धत सुरू झाली, ती आता कितीतरी देशांत आहे. दिवसाचे काही तास काम, बदल्यात राहणं-जेवण. माझ्या यजमानबाईंना मी काय काय आणतेय याची यादी पाठवली. त्यांचं उत्तर चार ओळींचं. वह्या-कपडे इथल्या दुकानात मिळतात, आणू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन ताजं असू द्या. कामाचे हातमोजे आणा. आणि गमबूट आणा, कारण तुमच्या मापाचे आमच्याकडे नाहीत.

माझं पाऊल लहान मुलाएवढं आहे. तर गमबूट. त्यांच्याकडे पुढे येतेच.

६५ लिटरची सॅक परत करण्याचं खरं कारण मात्र वजन नव्हतं, पाठ होती. हे मला दुकानात कोणी सांगितलं नाही, म्हणून इथे नीट सांगते. सॅक उंचीवर घ्यायची नसते, पाठीच्या लांबीवर घ्यायची असते. मान खाली घातली की मानेच्या तळाशी एक मणका टपोरा वर येतो. तिथून टेप खाली सोडायची. मग हात कमरेवर ठेवायचे, अंगठे मागे; ते कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर टेकतात. दोन अंगठे जोडणारी रेघ कण्याला जिथे छेदते तिथपर्यंतचं माप म्हणजे आपली पाठ. माझी ४१ सेंटीमीटर भरली. भाच्याची ५०. त्याची सॅक मी घातली की कमरेचा पट्टा माझ्या कुल्ह्यांच्याही खाली उतरायचा, म्हणजे सगळा भार खांद्यांवर. वर खांदा निखळलेला. आनंदच.

या सॅकमध्ये पाठीचा भाग वेल्क्रोने वरखाली सरकतो. सगळ्यात वरच्या मापापासून सगळ्यात खालच्या मापापर्यंत मोठा फरक पडतो, आणि माझ्या ४१ला ती अगदी चपखल बसली. वेल्क्रो मात्र असा चिवट की नुसत्या हातांनी सुटेना. शेवटी लाकडी फूटपट्टी मधे सारून दोन्ही बाजू वेगळ्या ठेवल्या, भाग सरकवला, पट्टी काढून घेतली. एकदाच करायचं काम आहे, म्हणून गुण कापत नाही.

पहिल्या आठवड्यात पाच किलो भरून चालायला लागले. ओझं म्हणून पाण्याच्या बाटल्या वापरल्या. एक लिटर म्हणजे एक किलो, हिशेब सोपा, आणि जिना चढून गेल्यावर पाणी ओतून टाकून रिकामं उतरता येतं. गुडघे जपायचे असतील तर ही युक्ती फार उपयोगी. दर आठवड्याला एकेक लिटर वाढवत गेले.

तिसऱ्या आठवड्यात खांदा पुन्हा ठणकायला लागला. सात किलोच होतं. मी सॅकला शिव्या घालून मोकळी झाले होते, एवढ्यात भाचा म्हणाला, "मावशी, तू घालतेस कशी ते दाखव." दाखवलं. मी दप्तरासारखी घालत होते: आधी खांद्याचे पट्टे ओढून घट्ट, मग जमलं तर कमरेचा. त्याने सगळे पट्टे सैल सोडले. आधी कमरेचा पट्टा, तोसुद्धा पोटावर नाही, कमरेच्या हाडाची वरची कड पट्ट्याच्या बरोबर मधे येईल असा, आणि श्वास घेता येईल एवढाच पण चांगला आवळून. मग खांद्याचे पट्टे, नुसते टेकतील इतपत. मग खांद्यावरून सॅकच्या माथ्याकडे तिरक्या जाणाऱ्या दोन बारीक पट्ट्या हलकेच ओढल्या, तसा मागे लोंबणारा भार पाठीला येऊन चिकटला. शेवटी छातीवरचं बकल. "आता खांद्याच्या पट्ट्याखाली बोटं घाल," म्हणाला. दोन बोटं सहज गेली. सात किलो पाठीवर आहेत आणि खांद्यावर जवळजवळ काहीच नाही, हे मला पटायला एक जिना चढावा लागला.

छातीच्या त्या बकलमध्येच शिट्टी आहे, हे त्या दिवशी भाच्याने वाजवून दाखवेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

घडणीतली एक खरी चूक: लॅपटॉपचा कप्पा सॅकच्या बाहेरच्या अंगाला दिलाय. जड वस्तू पाठीला चिकटून, पाठीच्या मधल्या उंचीवर असावी, नाहीतर ती आपल्याला मागे खेचते. दीड किलोचा लॅपटॉप तिथे ठेवून चालून पाहिलं, आणि नऊ किलो अकरासारखे वाटले. मी लॅपटॉप नेतच नाहीये, म्हणून त्या कप्प्यात कागदांची पातळ फाइल आणि टॉवेल. नेणार असाल तर तो मुख्य कप्प्यात, पाठीच्या बाजूला, कपड्यांच्या मधे सारा.

समोरून उघडणं ही मात्र या सॅकची खरी कमाई. वरून उघडणाऱ्या सॅकमध्ये हवी ती वस्तू नेहमी तळाशी असते. इथे चेन फिरवली की सगळं एकदम समोर. पाच आठवडे सामायिक खोलीत, दुमजली पलंगावर राहायचंय, दुसरे झोपलेले असताना काळोखात मोजे शोधायचेत. म्हणून मी दिवा घालवून सराव केला. चालतं. फक्त उघडी सॅक जागा खाते, अरुंद पलंगाची अख्खी रुंदी, आणि खालची जमीन चिखलाची असेल तर तिला पसरायला दुसरी जागा नाही. एक जाड प्लॅस्टिकचा तुकडा सोबत घेतलाय, अंथरायला.

मुख्य चेन रुंद दात्यांची, आठ नंबरची, दोन रनर, दोन्हींना कुलपासाठी भोक. उत्तम. पुढच्या छोट्या खिशाची चेन पाच नंबरची आणि तिथे काटकसर कळते. आतून शिवलेल्या अस्तराची कड इतकी सैल आहे की रनर दर वेळी तिला तोंडात धरतो. चौथ्या आठवड्यात तो असा अडकला की ना पुढे ना मागे. साबणाची वडी दात्यांवर घासली, अस्तर एका हाताने ताणून धरलं, रनर केसाएवढा केसाएवढा मागे आणला तेव्हा सुटला. मग लोंबणारी कड कात्रीने सरळ कापली आणि सुटे धागे मेणबत्तीच्या ज्योतीजवळून झर्रकन फिरवून वितळवून बंद केले. नायलॉनला हे चालतं, सुती कापडावर करू नका. त्यानंतर खिसा लोण्यासारखा उघडतो. नव्या वस्तूला घरी कात्री लावावी लागणं हे काही चांगलं लक्षण नाही, तेवढा गुण कापला.

कापडावर '४२० डेनियर' लिहिलंय. ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. आकडा जेवढा मोठा तेवढा धागा जाड. पाठीवरच्या रोजच्या सॅकला ४२० पुरेसं आहे, तळाला दुहेरी थर आहे. आतून पॉलियुरेथेनचा लेप दिलाय, म्हणून मशीनमध्ये धुवायची नाही आणि ओली बंद करून ठेवायची नाही. दमट जागी वर्षानुवर्षं पडून राहिली की हा लेप चिकट होतो, पापुद्रे सुटतात, आंबूस वास मारतो. भाच्याच्या जुन्या सॅकचं हेच झालं होतं, वासावरून ओळखता येते.

पाऊस. रेन कव्हर तळाच्या खिशात घडी करून बसतं, निघाल्यावर हरवू नये म्हणून दोरीने बांधलेलं आहे. मी सॅकमध्ये वर्तमानपत्रं भरली, कव्हर चढवलं, पाठीवर घेतली आणि बाथरूममध्ये शॉवरखाली दहा मिनिटं उभी राहिले. घरात माझ्याबद्दल काय मत झालं असेल ते असो. बाहेरच्या बाजूची वर्तमानपत्रं कोरडी. पाठीच्या बाजूची खालची दोन ओलीचिंब. कारण उघड आहे: कव्हर पाठीकडून उघडंच असतं, मानेवरून ओघळणारं पाणी पाठ आणि सॅक यांच्या फटीतून खाली जातं आणि शिवणीतून मुरतं. हा याच सॅकचा दोष नाही, सगळ्याच कव्हरांचा आहे. उपाय म्हणजे आतून जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी, तोंड पिळून दुमडलेली. आता कव्हर भिजलं काय, उडालं काय, कपडे सुके. दुसऱ्यांदा शॉवरखाली उभी राहून खात्री केलीय.

एक नुकसान माझ्याच हातून झालं. डास-गोचिडांसाठी डीट असलेला स्प्रे आणला, झाकण अर्धवट लागलं, बाटली बाजूच्या खिशात आडवी. सकाळी खिशाची ताणली जाणारी जाळी हाताला चिकट लागली आणि तिचा ताण गेलेला. डीट काही प्लॅस्टिकना आणि स्पँडेक्ससारख्या ताणल्या जाणाऱ्या धाग्यांना खातं. नायलॉनला काही करत नाही, म्हणून शेजारचं कापड जसंच्या तसं राहिलं. आता तो स्प्रे चेनच्या पिशवीत, ती पिशवी आणखी एका पिशवीत. आणि तो बाटलीचा खिसा, ज्यात बाटली जात नव्हतीच, आता बाटली धरूनही ठेवत नाही.

आतल्या बाजूला एक चपटा, चेन असलेला खिसा आहे, पासपोर्टच्या मापाचा. त्या एवढ्याशा खिशाने माझे सर्वात जास्त दिवस खाल्ले. पासपोर्टची मुदत पोचल्यापासून सहा महिने तरी उरलेली हवी, असा नियम बऱ्याच देशांचा आहे. माझी साडेचार महिनेच उरत होती, नवा काढावा लागला. व्हिसाचं त्याहून नाजूक. मी पर्यटक व्हिसा गृहीत धरला होता. पण काही देशांत राहण्या-जेवणाच्या बदल्यात केलेलं बिनपगारी कामही 'काम'च धरलं जातं, आणि विमानतळावर "शेतात मदत करायला आलेय" असं भाबडेपणाने सांगणाऱ्याला तिथूनच परत पाठवू शकतात. मी वकिलातीला लेखी विचारलं, लेखी उत्तर घेतलं, त्याप्रमाणे व्हिसा बदलला. ते उत्तर, यजमानबाईंचं पत्र आणि विम्याचा कागद त्या खिशात. विमा घेताना शेतकामात झालेली इजा धरलीय का ते बघा. माझ्या पहिल्या पॉलिसीत 'शारीरिक श्रमाचं काम' चक्क वगळलेलं होतं.

त्याच खिशात पिवळी पुस्तिका. पीतज्वराची लस घेतल्याचा तो आंतरराष्ट्रीय दाखला. लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतो, आणि २०१६पासून एकदा घेतलेली लस जन्मभरासाठी ग्राह्य धरतात. भटकंतीच्या वाटेवर तो मागणारा एक देश आहे, म्हणून घेतली. शेतावर कुत्री आहेत आणि दवाखाना लांब आहे, म्हणून डॉक्टरांनी रेबीजचे आधीच द्यायचे दोन डोस आठवड्याच्या अंतराने दिले. चावल्यावर तरीही जखम साबणाने धुऊन पुढचे डोस घ्यावेच लागतात, हे त्यांनी दोनदा बजावलं. हे सगळं निघण्याच्या आदल्या आठवड्यात होण्यासारखं नाही. मी आठ आठवडे आधी गेले तरी डॉक्टर म्हणाले, हिपॅटायटिस बीचा नेहमीचा कोर्स सहा महिन्यांचा असतो.

केबिनमध्ये नेता येईल का, हा प्रश्न सगळे विचारतात. मापाने जाते, वजनाने नाही. कितीतरी विमान कंपन्या केबिनमध्ये सात किलोच नेऊ देतात, १.६ सॅकचेच गेल्यावर उरतात ५.४, आणि माझे गमबूट दीड किलोचे आहेत. तेव्हा सॅक खालच्या सामानात. खांद्याचे आणि कमरेचे पट्टे झाकणारी एक पडदी पाठीच्या बाजूला चेनने लागते, म्हणजे ते सामानाच्या पट्ट्यात अडकून तुटायची भीती नाही. ही सोय मला बाकी सगळ्यांहून जास्त आवडली. पॉवर बँक मात्र खालच्या सामानात चालत नाही, ती केबिनच्या पिशवीत. मर्यादा १०० वॉट-तासांची. २०,००० मिलिअँपिअर-तासांची बँक असेल तर २० गुणिले ३.७ व्होल्ट, म्हणजे ७४.

आता गमबूट. आत मावत नाहीत. म्हणजे मावतात, पण मग बाकी काही मावत नाही. बाहेर टांगले तर चालताना पायांच्या मागे आपटतात. सॅकच्या आवळायच्या पट्ट्या त्यांना कवेत घेतील एवढ्या लांब नाहीत, चार बोटं कमी पडतात; ४० लिटरच्या सॅकला कोणी बूट बांधणार नाही असं घडवणाऱ्याने धरलेलं दिसतं. सुट्या दोन पट्ट्या आणल्या, बुटांत मोजे, हातमोजे आणि ओआरएसची पाकिटं कोंबली, आणि बूट सॅकच्या पोटावर आडवे, तळवे बाहेरच्या बाजूला करून बांधले. भार पाठीपासून लांब गेला, तत्त्व मोडलं, पण आतलं जड सामान पाठीशी घेतल्यावर तोल सांभाळला जातो. एकूण काट्यावर १०.४ किलो. शेवटचे दोन आठवडे मी हेच घेऊन चाललेय, दिवसाला सहा किलोमीटर. खांदा गप्प आहे.

पाचपैकी चार तारे. अर्धा बाटलीच्या खिशाला, अर्धा त्या अस्तराला. तंबू आणि स्वयंपाकाची भांडी वागवायची असतील तर ही घेऊ नका, मावणार नाही. शेतावर काम आणि मग बस-रेल्वेने भटकंती असेल, पाठ आखूड असेल, तर बघाच.

परवा भाचा आला होता. "चाळीसमध्ये खरंच मावलं की गं," म्हणत त्याने सॅक उचलून पाठीवर घातली. कमरेचा पट्टा त्याच्या बरगड्यांवर बसला.